समुद्र बांधावरून येण्याआधी उघाडीतून येतो : खारेपाटातील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी,
खारेपाटातील (खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यातील) सर्व ग्रामपंचायती, तालुका अलिबाग व तालुका पेण.
तसेच, जिल्हा परिषद आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रायगड.

विषय : समुद्राची वाढती पातळी लक्षात घेऊन खारबांध व उघाड्यांचे (बांधातील पाणी सोडणाऱ्या झडपांच्या दारांचे) गावपातळीवर नियोजन करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

येत्या 2 ऑक्टोबरपासून आपापल्या गावांचे पुढील वर्षाचे विकास आराखडे ग्रामसभांपुढे येऊ लागतील. त्यांत अंतर्गत रस्ते असतील, गटारे असतील, अंगणवाडीची दुरुस्ती असेल आणि स्मशानभूमीची शेडही असेल. ज्या बांधामुळे गाव कोरडे राहते आणि ज्या उघाडीतून गावाचे पावसाचे पाणी खाडीत जाते, त्या दोन गोष्टींचे नाव मात्र या आराखड्यांत क्वचितच दिसते. बांध हे खारभूमी विभागाचे काम आहे, ग्रामपंचायतीचे नाही, असे त्याचे उत्तर मिळते. दुरुस्तीच्या खर्चापुरते ते उत्तर बरोबरही आहे. तथापि पाणी कोठे साचते, किती दिवस साचते, बांधालगतच्या जमिनीत कोणाला भराव करू द्यायचा, खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर पहिल्या दोन भरत्यांत काय करायचे आणि वीस-तीस वर्षांनंतर गावाने कोणती जमीन राखायची, हे प्रश्न गावाचे आहेत. खारभूमी विभागाच्या अंदाजपत्रकात त्यांना जागा नाही आणि असणारही नाही. ते आपल्या आराखड्यात यावेत, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

समुद्राची पातळी वाढते आहे, हा आता तर्काचा विषय राहिलेला नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील सर्वांत जुन्या नोंदींमध्ये त्यांची गणना होते. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी 1874 ते 2004 या काळात वर्षाला 1.06 ते 1.75 मिलिमीटर या गतीने वाढत होती, तर 1993 ते 2017 या काळात ती गती वर्षाला 3.3 मिलिमीटर झाली. याच गतीने गेले तरी तीस वर्षांत सुमारे दहा सेंटीमीटर होतात, आणि गती वाढत असल्याचे हाच अहवाल दाखवतो. दहा सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही, तेव्हा दीड-दोन मीटर उंचीच्या बांधाला त्याचे काय, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल. माझे म्हणणे नेमके याच ठिकाणी सुरू होते.

समुद्र बांध ओलांडून आत येईल तेव्हा येईल, त्याच्या कितीतरी आधी तो उघाडीत येऊन बसतो. उघाडीची रचना आपल्याला सांगायला नको. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की झडपा आपोआप उघडतात आणि शेतातले पाणी खाडीत जाते. भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने त्या मिटतात. पंप नाही, वीज नाही, माणूसही लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे काम बिनबोभाट चालले, ते केवळ ओहोटीच्या काही तासांच्या भरवशावर. समुद्राची सरासरी पातळी वर सरकते तेव्हा ते तास दोन्ही बाजूंनी कातरले जातात, कारण झडपा उशिरा उघडतात आणि लवकर मिटतात.

याचा ढोबळ हिशेब कोणालाही करता येतो. मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक आपल्या भागात चार मीटरच्या आसपास असतो आणि मधल्या टप्प्यात पाणी तासाला साधारण एक मीटर या वेगाने उतरते. तेथे दहा सेंटीमीटरची वाढ म्हणजे प्रत्येक बाजूला सहा-सात मिनिटांचा तोटा. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत मात्र हा फरक दीड-दोन मीटरवर येतो, पाणी संथपणे उतरते आणि तीच दहा सेंटीमीटरची वाढ प्रत्येक बाजूला पाऊण नव्हे, पण पाव तास तरी खाते. दिवसातून दोन ओहोट्या धरल्या तर निचऱ्याचा सुमारे एक तास गेला. ज्या उघाडीचा उंबरठा ओहोटीच्या पातळीच्या जवळ आहे, तिचा तोटा याहून अधिक, कारण तेथे पाणी बराच वेळ जवळजवळ थांबूनच असते. भांगात उघाडी नीट वाहत नाही, हे आपल्याकडे कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. येणाऱ्या वर्षांत उघाडी नीट न वाहण्याचे असे दिवस वाढत जाणार आहेत, असे समजून चालावे लागेल.

खाडीच्या बाजूने वाट अरुंद होत असताना डोंगराच्या बाजूने पाणी थांबत नाही. अंबा नदी सह्याद्रीतून निघून धरमतरच्या खाडीला मिळते आणि वरच्या भागातल्या अतिवृष्टीचा लोंढा अखेर खारेपाटाच्या दारात येतो. 24 जुलै 1989 रोजी याच नदीने जांभूळपाड्यात केलेला संहार जिल्हा विसरलेला नाही. वरून असे पाणी यावे आणि खाली खाडीला भरती असावी, हा योग जुळला की बांध शाबूत असूनही शिवार तुंबते आणि मग बांधाला आतून दाब बसतो. बांध बाहेरच्या लाटेनेच फुटतो, अशी समजूत आहे, पण बऱ्याच खांडी अगदी साध्या कारणाने पडतात. चिंबोरीचे किंवा घुशीचे बीळ असते, त्यातून झरा लागतो, दोन-तीन भरत्यांत त्याची मोरी होते आणि पुढच्या उधाणाला माती बसते. उघाडीचेही तसेच आहे. झडपेच्या खालच्या फळीवर आणि उंबरठ्यावर कालवे (शिंपले) धरतात, त्यात एखादा ओंडका किंवा प्लास्टिकच्या गोण्या अडकतात, झडप तीन-चार बोटे उघडी राहते आणि प्रत्येक भरतीला तेवढ्या फटीतून खारे पाणी आत घुसते. कोयत्याने ती कालवे खरवडायला एका माणसाला एक सकाळ पुरते. ते काम कोणाचे, हे ठरलेले नसल्यामुळे ते होत नाही.

पूर्वी ते ठरलेले होते. जोळ ही आपल्याकडची जुनी पद्धत. घरटी माणूस बांधाच्या कामाला जायचा, बाहेरकाठ्याची, म्हणजे खाडीकडच्या बांधाची, पाहणी व्हायची, बिळे बुजवली जायची, आणि खांड पडली तर पुढच्या मोठ्या उधाणाच्या आत सारे गाव मिळून ती बांधून काढायचे. या व्यवस्थेचे उगाच गुणगान करण्याचे कारण नाही. खोतीच्या काळात कष्ट कुळांचे आणि पीक खोताचे असा हिशेब होता, म्हणूनच नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या परिसरातील कुळांनी 1933 ते 1939 असा प्रदीर्घ संप केला. खोती गेली, कुळे मालक झाली, 1948 मध्ये खारजमिनींचा कायदा झाला आणि 1979 मध्ये त्याच्या जागी महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. बांधांची जबाबदारी शासनाकडे जाणे हा न्याय होता आणि तो मोठ्या लढ्यानंतर मिळाला होता. मात्र जबाबदारीबरोबर रोजची देखरेखही कागदावर गेली. दुरुस्ती म्हटली की पाहणी, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निविदा हा क्रम आला. भरती दिवसातून दोनदा येते, तिला हा क्रम माहीत नाही.

हा उशीर आता पूर्वीपेक्षा फार महाग पडतो. पूर्वी खांड पडली तर दोन-तीन पावसाळे पीक जाई. पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन निघाले की जमीन पुन्हा भाताला येई. आज खांड वर्ष-दोन वर्षे उघडी राहिली तर शेतात कांदळवन (खारफुटी) उगवते. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत याविषयी एक तरतूद आहे, ती प्रत्येक सदस्याने मुळातून वाचावी. 19 फेब्रुवारी 1991 पूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल, तर कायद्याच्या दृष्टीने उच्चतम भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. म्हणजे बांधाच्या आतली जमीन प्रत्यक्षात उधाणाच्या पातळीपेक्षा खाली असली तरी नकाशावर ती भरतीच्या बाहेर आहे. त्याच तरतुदीत पुढे असेही म्हटले आहे की, बांधाच्या आत खारे पाणी शिरून कांदळवन तयार झाले असेल, तर ते क्षेत्र किनारा नियमन क्षेत्र 1 अ या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडेल, मग त्याची व्याप्ती कितीही असो. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनांना दिलेले संरक्षण याच्या जोडीला आहे. थोडक्यात, सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो आणि जमीन मात्र त्याला कसता येत नाही.

या संरक्षणाविरुद्ध माझी तक्रार नाही. कांदळवनाने लाटांचा जोर मोडतो, त्याच्या मुळांशी जिताड्याची आणि कोलंबीची पिल्ले वाढतात आणि बांधाच्या बाहेर ते दाट असेल तर बांधाचे आयुष्य वाढते, हे खाडीकाठच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आक्षेप आहे तो जमीन खाडीला जाण्याच्या पद्धतीला. कोणी निर्णय घेतला नाही, कोणी ठराव केला नाही, कोणी मोबदला दिला नाही, केवळ एक खांड वेळेवर बुजली नाही म्हणून शिवार गेले, असे माणकुळे, नारंगीचे टेप, बहिरीचा पाडा या परिसरात आपण पाहिले आहे. समुद्राची पातळी वाढत असताना अशा न घेतलेल्या निर्णयांची संख्या वाढत जाईल. म्हणून माझी सर्वांत महत्त्वाची विनंती ही आहे की, कोणती जमीन राखायची आणि कोणती कालांतराने खाडीला द्यायची, हे गावाने ग्रामसभेत, नकाशा समोर ठेवून, उघडपणे ठरवावे.

हे बोलायला अवघड आहे, याची मला कल्पना आहे. निवडणुकीला उभे राहणारा कोणीही मनुष्य ‘तुमचा बांध मागे घेऊ’ असे म्हणणार नाही. तरीही सगळेच बांध उंच करता येणार नाहीत, हे अभियांत्रिकीचे साधे वास्तव आहे. खाडीकाठची चिकणमाती मऊ असते. माथ्यावर नुसती माती टाकून बांध चढवला की तो वजनाने खचतो किंवा बाजूला सरकतो. दोन फूट उंची वाढवायची तर पाया त्याच्या कितीतरी पटीने रुंद करावा लागतो, त्यासाठी जमीन लागते आणि मातीही लागते, आणि ती माती बांधाच्या पायथ्याशीच खणली तर आपणच खांडीची तयारी करून ठेवतो. आपल्याकडे बाहेरकाठा आणि आतला काठा अशी दुहेरी बांधांची पद्धत होती. काही ठिकाणी आतला काठा मजबूत करून तोच मुख्य बांध मानणे आणि बाहेरच्या पट्ट्यात कांदळवन वाढू देणे हे कमी खर्चाचे आणि अधिक टिकाऊ ठरू शकते. परंतु त्या पट्ट्यात एकदा कांदळवन आले की कायद्याने माघार नाही, म्हणून त्यातल्या खातेदारांचा मोबदला, किंवा त्या पट्ट्यातल्या मत्स्यपालनाचा हक्क, आधी ठरला पाहिजे. कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना 2017 पासून राज्यात आहे. खेकडेपालन आणि कालवेपालन तिच्यातून होते. आधी करार आणि मग कांदळवन, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

आराखड्यासाठी माहिती लागते आणि ती माहिती आज कोणाकडेच नाही. अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची नोंद 1904 पासून अखंड ठेवली जाते आणि जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतात. त्याच तालुक्यातील उघाडीच्या भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी रंगाची एक पट्टीसुद्धा नाही, हे पाहून हसावे की काय करावे कळत नाही. प्रत्येक उघाडीच्या दगडी खांबावर, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना, सेंटीमीटरच्या खुणा रंगवाव्यात. उंबरठ्याची पातळी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जवळच्या पातळीखुणेशी एकदाच जोडून घ्यावी. झडप किती वाजता उघडली, किती वाजता मिटली आणि त्या वेळी आत पाणी किती होते, याची नोंद जून ते ऑक्टोबर या काळात रोज एका वहीत करावी. हे काम गावातला बारावी झालेला कोणताही मुलगा किंवा मुलगी करू शकेल आणि त्याचे मानधन वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून देता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तपासावे. पाच पावसाळ्यांच्या अशा नोंदी हाताशी असल्या, तर कोणती उघाडी रुंद करायची, कोठे आणखी एक गाळा वाढवायचा आणि कोठे पंपाशिवाय गत्यंतर नाही, यावर अंदाजाने बोलावे लागणार नाही.

भरावाबाबत थोडक्यात लिहितो, कारण त्यात समजावण्यासारखे फार नाही. महामार्ग, कारखाने, गोदामे आणि बंगल्यांचे प्लॉट यांसाठी खारजमिनीवर मुरुमाचे भराव पडत आहेत आणि शेतातले पाणी उघाडीपर्यंत नेणारे जुने नाले त्यांखाली गाडले जात आहेत. उघाडी कितीही चांगली असली तरी पाणी तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही तर तिचा उपयोग काय? ना हरकत दाखला देण्याआधी त्या गटातून कोणता नाला जातो, हे ग्रामपंचायतीने नकाशावर पाहावे आणि नाला बुजणार असेल तर दाखला देऊ नये. किनारा नियमनाच्या 2019 च्या अधिसूचनेत धोकारेषा (समुद्राचा धोका कोठपर्यंत आहे हे दाखवणारी रेषा) ही आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी वापरावयाची आहे, असे नमूद आहे. ती रेषा आपल्या गावातून कोठून जाते, हे दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असावा. नवी शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा पाण्याची टाकी कोठे बांधायची, हे त्या नकाशाकडे पाहून ठरवावे.

आता जिल्हा परिषदेला आणि जिल्हा प्राधिकरणाला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 25 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्षपद लोकनियुक्त स्थानिक संस्थेच्या प्रमुखाकडे असते. कलम 31 नुसार जिल्ह्याची योजना दरवर्षी अद्ययावत करायची असते आणि जिल्ह्यातील धोक्याची क्षेत्रे तसेच स्थानिक संस्थांनी करावयाचे प्रतिबंधक उपाय तिच्यात यायला हवेत. वादळाचा विचार त्यात होतो आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तो अधिक गंभीरपणे होतो, हे योग्यच आहे. पण वादळ एका दिवसात येऊन जाते. उधाण महिन्यातून दोनदा येते आणि त्याचे वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळते. भरतीच्या कोष्टकावरून पुढच्या वर्षातील मोठ्या उधाणांच्या तारखा काढून त्या प्रत्येक खार ग्रामपंचायतीला मे महिन्यापूर्वी द्याव्यात. त्या तारखांच्या आधी बांधाची पाहणी व्हावी आणि खांड पडलीच तर गोण्या, बांबू, ताडपत्री व एखादे पोकलेन कोठून येणार, हे नावानिशी लिहिलेले असावे. खांडीची तातडीची दुरुस्ती पहिल्या आठवड्यात करण्याचे अधिकार व रक्कम तालुका पातळीवर असावी. निविदा नंतरच्या कायमच्या कामासाठी असू द्यावी.

पैशाचा प्रश्न येतोच. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत उधाणाने शेत खारे होणे हा प्रकार स्वतंत्रपणे येत नाही, त्यामुळे भरपाईच्या वेळी शेतकरी पूर, वादळ आणि अतिवृष्टी यांच्यामध्ये लोंबकळत राहतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम राज्याने स्वतः जाहीर केलेल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते. उधाणाने बांध फुटून होणाऱ्या नुकसानीला या तरतुदीचा स्पष्ट आणि कायमचा आधार मिळावा, यासाठी खारेपाटातील सर्व ग्रामपंचायतींनी एकाच मजकुराचा ठराव करून तो जिल्हा परिषदेमार्फत शासनाकडे पाठवावा. एकेका गावाचा अर्ज फायलीत पडून राहतो. पन्नास गावांच्या ठरावाला निदान उत्तर तरी द्यावे लागते. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळी रक्कम सुचवली होती, ती दिशा खाडीकाठालाही लागू व्हावी, असेही त्या ठरावात मागता येईल. धरमतर खाडीकाठची गणेशपट्टीची वस्ती पाण्यामुळे उठली, तेव्हा ‘विस्थापित’ हा शब्द त्या लोकांसाठी कोणी वापरला नव्हता.

शेतीबद्दलही एक सूचना आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, पनवेल 2 आणि पनवेल 3 या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत आणि आपला राता भात तर त्यांच्याही आधीपासून खाऱ्या जमिनीत तग धरून आहे. ज्या शिवारात निचरा मंदावतो आहे, तेथे हे बियाणे वेळेवर मिळण्याची सोय कृषी विभागाशी बोलून करावी. मात्र बियाणे हा बांधाला पर्याय आहे असे कोणी सांगू लागले, तर ते मान्य करू नये. क्षार सहन करणारे भातही आठवडाभर खाऱ्या पाण्याखाली जगत नाही.

हे सगळे एका वर्षात होणार नाही आणि तशी माझी अपेक्षाही नाही. या वर्षीच्या आराखड्यात तीन नोंदी याव्यात : गावाच्या हद्दीतील सर्व बांध व उघाड्यांची सद्यःस्थितीसह यादी, उघाड्यांवरील पातळीच्या खुणा व रोजची वही, आणि राखायच्या व सोडायच्या जमिनीवर चर्चा करण्यासाठी एक स्वतंत्र ग्रामसभा. त्या ग्रामसभेला खारभूमी विभागाचे व कांदळवन कक्षाचे अधिकारी बोलवावेत आणि ज्यांची शेते बांधालगत आहेत, त्या खातेदारांना लेखी सूचना द्यावी, कारण त्यांतले बरेच जण आता मुंबई-ठाण्यात राहतात आणि तोंडी दवंडी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ही सभा आपल्या ग्रामपंचायतीत कोणत्या तारखेला होणार, ते 2 ऑक्टोबरपूर्वी सूचना फलकावर लावावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
खारेपाटातील एक खातेदार शेतकरी